राघव खाली आहे

३ फेब्रुवारी, सोमवार

ग्वाल्हेरात पाय ठेवला आणि पहिल्याच तासात माझ्या मराठीची विकेट गेली. खासगी बाजार नावाच्या पेठेत लीलाताईंच्या घरी खोली ठरली होती. बॅगा घेऊन दारात उभा राहिलो, तर त्या हसतमुखानं म्हणाल्या की वरची खोली खाली आहे. मी चाट पडलो. वरची खोली खाली कशी असेल? नक्की वर जाऊ की खाली, असं अगदी नम्रपणे विचारलं. मिरजेहून आलेला हा मनुष्य असं काय विचारतोय ते त्यांनाही कळेना. शेवटी उलगडा झाला. इथे खाली म्हणजे रिकामी, हिंदीतलं खाली. आपल्या खालीला इथली माणसं बहुतेक वेळा 'नीचे' म्हणून मोकळी होतात. लीलाताई पदर तोंडाला लावून खूप हसल्या. काही बात नाही, हळूहळू समजून जाईल, म्हणाल्या.

खोली झकास आहे. पांढऱ्या नव्या फरश्या, रस्त्याकडे खिडकी, आणि बरोबर खाली (आपल्या खाली) लीलाताईंचं स्वयंपाकघर, त्यामुळे फोडणीचा वास फुकट. त्या शाळेतून निवृत्त झाल्या आहेत आणि एकट्या राहतात. नव्या भाडेकरूला त्यांनी गजक खायला घातला. तिळाची ती नाजूक वडी दाताखाली नुसती विरघळते. दोन खाल्ल्या, तिसरी खिशात घातली.

कंपनीनं आम्हां इन्स्टॉलर लोकांना साइटची डायरी दिली आहे, कडेला पेन्सिल अडकवायला कप्पा असलेली. कामाच्या नोंदी पुढून लिहायच्या असतात. माझ्या मी मागून लिहितो आहे. बघू या कुठे गाठ पडते.

५ फेब्रुवारी, बुधवार

साइट पाहिली. दौलतगंजातलं बंद पडलेलं एक टॉकीज आहे. मालक मानसिंगराव, घराणं जुनं फौजेतलं, मिशा अजून फौजेतच आहेत. त्यांनी खुर्च्या काढून टाकून तिथे लायब्ररी काढायचं ठरवलं आहे. लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे. स्पर्धा परीक्षांची मुलं महिन्याच्या बोलीवर टेबल घेतात आणि दिवसभर तिथे बसून अभ्यास करतात. त्यांना हवा असतो पंखा, शांतता आणि वायफाय. एकशे वीस टेबलं, बारा खांब, प्रत्येक खांबावर वायफाय सोडणारा एक ॲक्सेस पॉइंट. सतरा तारखेला उद्घाटन आहे.

टॉकीजची जमीन पडद्याकडे उतरती असते. ती सपाट करायला त्यांनी लोखंडी सांगाडा घालून वर सिमेंटचे बोर्ड टाकले आहेत, त्यावर टाइल्स. म्हणजे नव्या जमिनीखाली पोकळी. पडद्याच्या टोकाला चार फूट उंच, दाराकडे येता येता वीतभर. आमच्या केबल त्या पोकळीतून खांबांपर्यंत जायच्या आहेत.

हाताशी मिळाला आहे राघव. वय चाळिशीचं, तीन पिढ्या इथल्याच, घरी मराठी, बाहेर हिंदी, आणि वाक्याच्या मधोमध कधी कुठली येईल याचा नेम नाही. ॲक्सेस पॉइंटला तो थाळी म्हणतो. गोल, पांढरा, चपटा, म्हणजे थाळीच. मी सुरक्षिततेचं पत्रक काढून वाचायला लागलो तेव्हा त्यानं कपाळाला हात लावला. पण मी पूर्ण वाचलं. आधी मेन स्विच बंद, मग टेस्टरनं खात्री. विजेच्या वायरीपासून केबल हातभर लांब. शिडीवर गॉगल, ड्रिलच्या वेळी कानात बोळे. कुठलीही जागा कायमची बंद करण्यापूर्वी स्वतः आत डोकावून पाहायचं. आणि चालू यंत्र व माणूस यांच्यात किमान वीस सेंटिमीटर अंतर. यावर राघवनं गंभीर चेहऱ्यानं विचारलं की मग वहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोनं, थाळी कुठे बसवून घ्यावी, कारण त्या दोघांत इतकं अंतर आजवर कधी राहिलंच नाही. मी हसू दाबलं, पण ते त्याला दिसलं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

राघव पोकळीत शिरतो तेव्हा पाहण्यासारखं असतं. गुडघ्याला पोत्याचे तुकडे बांधतो, दातात छोटी बॅटरी धरतो आणि केबलचं टोक घेऊन पालीसारखा सरकत जातो. मी पडद्याकडच्या चौकोनी तोंडाशी उभा राहून केबल सोडतो. आतून तो बडबडत असतो, आवाज कधी पायांखालून येतो, कधी दूर दाराकडून. आज बाहेर आला तेव्हा भुवयासुद्धा पांढऱ्या झाल्या होत्या. मी म्हटलं, आत भीती नाही वाटत? तो म्हणाला, भीती कशाची, फक्त आत गेल्यावर जागा बाहेरून वाटते त्याहून मोठी वाटते. मोठी म्हणजे किती, असं मी विचारलं. तो खांदे उडवून चहाला चला म्हणाला.

इथे आल्यापासून एकटं वाटलं नाही ते त्याच्यामुळे. काल इंदरगंजातल्या आमच्या ऑफिसात त्यानं माझी ओळख करून दिली ती 'आमचे अभिरामभाऊ, पत्रकवाले' अशी. रविवारी झाशीला त्याच्या मेहुण्याच्या मुलाची मुंज आहे. विनितावहिनी सामान घेऊन पुढे गेल्या आहेत. उद्या शेवटची केबल ओढली की तो अंगावरच्या कपड्यांनिशी परस्पर दुपारच्या गाडीनं जाणार आहे. फरशीचा मिस्त्री पोकळीचं ते शेवटचं तोंड बंद करायला टपून बसला आहे.

८ फेब्रुवारी, शनिवार

बाराच्या बारा थाळ्या बसल्या. पत्रकातल्या एकाही नियमाला फाटा दिला नाही.

दुपारी मी नवव्या खांबावर ड्रिल करत होतो. गॉगल, कानात बोळे, सगळं जिथल्या तिथे. जनरेटर चालू, टाइल कापायचं मशीन चालू, त्यात बाहेरून कुणाच्या तरी वरातीचा बँड. मिस्त्री शिडीखाली येऊन पडद्याच्या टोकाकडे हात करून राघवचं विचारू लागला. त्याला वरूनच सांगितलं की राघव अजून खाली आहे, आणि पुढचं भोक पाडायला घेतलं. अर्ध्यापाऊण तासानं उतरलो तेव्हा तोंड बंद झालं होतं, टाइल्ससुद्धा बसल्या होत्या, मिस्त्री हात धूत होता. राघव गेलेला. मला न सांगता गेला याचं थोडं वाईट वाटलं. गाडीची घाई असेल.

मग काम संपल्याचा फॉर्म भरला. 'बंद होणारी जागा तपासली' यापुढे होय, आणि खाली सही.

१० फेब्रुवारी, सोमवार

आज वीज दिली. बाराही थाळ्यांवर निळा दिवा लागला तेव्हा मानसिंगरावांनी पेढा भरवला.

मग मी लॅपटॉपवर यादी उघडली. कुठल्या थाळीला कुणाचा फोन जोडला गेला आहे ते तिथे दिसतं, आणि नावापुढे सिग्नलचा आकडा. आकडा उणे असतो. उणे नव्वद म्हणजे फोन फार दूर, उणे तीस म्हणजे शेजारी, आणि शून्याकडे सरकत गेला की अगदी जवळ. यादीत तीनच फोन होते. माझा, मानसिंगरावांचा, आणि राघवचा. उणे अडुसष्ट.

राघव तर झाशीला आहे. पासवर्ड त्याला माहीत आहे, म्हणून वाटलं की लवकर परत आला असेल आणि बाहेर चहा पीत असेल. बघून आलो, नव्हता. फोन लावला, वाजून वाजून बंद झाला. त्याचं नाव यादीतून काढून टाकलं. मिनिटभरात परत आलं. आणि त्याच्या फोनची बॅटरी तर संध्याकाळपर्यंतसुद्धा टिकत नाही, रोज माझ्याकडे चार्जर मागतो.

यादीत काही दोष असेल, उद्या ऑफिसात विचारीन.

११ फेब्रुवारी, मंगळवार

साडेनऊला विनितावहिनींचा झाशीहून फोन. मुंज रविवारी झाली, हे आलेच नाहीत, फोन वाजतो पण घेत नाहीत. भाऊजी, कामात अजून किती दिवस अडकवून ठेवणार, असं त्या थट्टेनंच विचारत होत्या. मी म्हटलं, तो शनिवारीच निघाला. मग म्हटलं, निघाला असं मला वाटलं.

फोन ठेवल्यावर शनिवार आठवायला लागलो. मिस्त्रीनं विचारलं होतं, राघव भैया का हो गया क्या? आणि मी काय उत्तर दिलं होतं? मराठीत नाही दिलं. मिस्त्री हिंदीवाला, त्याच्याशी मी हिंदीत बोललो. कानात बोळे, हातात ड्रिल, आणि म्हणालो, खाली है.

खाली है.

माझ्या डोक्यात होतं की तो खाली आहे, थांब. त्यानं ऐकलं की जागा रिकामी आहे, बंद कर.

धावत गेलो. मिस्त्रीला बोलावलं तर तो रडायलाच लागला, भैया आपने ही तो कहा था. मानसिंगराव आधी उद्घाटनाचं बोलू लागले. मी हातोडा उचलून टाइल फोडायला लागलो तसे स्वतः पहार घेऊन आले. तिघांनी मिळून तोंड उघडलं.

आत कुणी नव्हतं.

मी आत शिरलो. एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत बॅटरी मारली. केबल बाराच्या बारा नीट बांधलेल्या, राघवच्याच गाठी. बाहेर जायला दुसरी वाट नाही, उंदीर जाईल एवढीही नाही. परत येताना तोंडावरचा बोर्ड उलटा करून पाहिला. आतल्या बाजूला ओरखडे होते. नखांचे. एका जागी नखाचा तुकडा अडकलेला होता.

पोलिसांनी माणूस हरवल्याची नोंद घेतली. इन्स्पेक्टर सभ्य होते. त्यांनी माझाच फॉर्म माझ्यासमोर ठेवला आणि विचारलं की जागा तपासली यापुढे होय लिहिलंय, मग तपासली होतीत ना? मी नाही म्हणालो. त्यांनी ते लिहून घेतलं.

१२ फेब्रुवारी, बुधवार

तो अजून यादीत आहे. सकाळी उणे एकसष्ट, दुपारी उणे चोपन्न. मी पोकळीच्या तोंडाशी बसून फोन लावला. रिंग जात होती, पण खालून वाजल्याचा आवाज नाही. मानसिंगरावांना यादी दाखवली. ते म्हणाले, फोन चोरीला गेला असेल, कोई आसपास घेऊन फिरत असेल. चांगला माणूस आहे, पण यादीकडे परत बघितलं नाही त्यांनी.

संध्याकाळी इंदरगंजच्या ऑफिसात गेलो. तिथे आमचा स्वतःचा ॲक्सेस पॉइंट आहे, दौलतगंजाशी काही संबंध नाही. यादी उघडली. राघव तिथेही होता. उणे चोपन्न. लायब्ररीची यादी दुसऱ्या खिडकीत उघडली, तिथेही तो, तोच आकडा. एक फोन एका वेळी दोन ठिकाणी असू शकत नाही. हे मी लोकांना शिकवतो.

माझ्यामुळे झालं. एका शब्दामुळे. ज्या शब्दाला पहिल्या दिवशी हसलो होतो.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

विनितावहिनी आल्या. पोकळीच्या तोंडाशी उकिडव्या बसल्या आणि आत हाक मारत राहिल्या. नाव घेऊन नाही, त्या त्याचं नाव घेत नाहीत. अहो, ऐकलंत का, एवढंच. तासभर.

मी त्यांना सगळं सांगितलं. शब्दासकट. मला वाटलं मारतील, आणि त्यांनी मारावं असं वाटत होतं. त्या म्हणाल्या, भाऊजी, मी तर रोज शंभरदा बोलते खाली. सिलिंडर खाली झालं, डबा खाली झाला. यांना कधी गोंधळ नाही झाला. मग माझ्या शर्टाची बाही घट्ट धरली आणि म्हणाल्या की मला काही समजत नाही तुमच्या आकड्यांचं, पण त्यांना आणा. जसे असतील तसे आणा.

आणीन म्हणालो. आता आणल्याशिवाय सुटका नाही.

आज उणे एकेचाळीस.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

एक जास्तीची थाळी खोलीवर आणून टेबलावर चालू केली. आकडा पाहायचा होता. उणे सत्तावीस. त्याला जवळ म्हणतात. थाळी उचलून खिडकीशी नेली, उणे सत्तावीस. थाळी फरशीवर ठेवली. उणे चौदा.

तेव्हाच तो आवाज आला. सकाळचे अकरा वाजले होते, खिडकीतून ऊन आत आलेलं, खाली भाजीवाला ओरडत होता. माझ्या पायांखालच्या फरशीतून खरवडल्याचा आवाज. थांबून थांबून. दमलेलं माणूस करतं तसा.

मी दोनदा ठोकलं. खालून दोनदा ठोकलं गेलं.

धावत लीलाताईंच्या स्वयंपाकघरात गेलो. त्या वाटाणे सोलत होत्या. वर स्वच्छ छत, एक भेगही नाही. त्यांनी काही ऐकलं नव्हतं. त्यांच्या छतात आणि माझ्या फरशीत नऊ इंचांचा स्लॅब, दुसरं काही नाही. नऊ इंचांत माणूस मावत नाही.

वर आलो. खरवडणं चालूच होतं. आणि मी काय केलं ते लिहितो, कुणापासून लपवणार. मी कॉट ओढून त्या फरशीवर आणली. त्याच्या डोक्यावर. आणि कान झाकून बसलो.

१५ फेब्रुवारी, शनिवार

काल त्याला ठोकून उत्तर दिलं आणि मग कॉट टाकली. त्याला काय वाटलं असेल?

लाज वाटली म्हणून आज कॉट हटवली. छिन्नी घेतली, फरशी काढली. खाली वाळू-सिमेंट, ते उकरलं. चार इंच. मग काही नाही. अंधार. हात घातला, कोपरापर्यंत गेला. खांद्यापर्यंत गेला. खाली स्वयंपाकघरात कुकरच्या शिट्ट्या होत होत्या आणि माझा हात थंड, सिमेंटचा वास येणाऱ्या हवेत लोंबत होता.

आत जागा मोठी आहे. तो म्हणाला होता.

कुणीतरी माझी बोटं धरली. हळू. लहान मूल धरतं तशी. नखं नव्हती त्या बोटांना.

मी हात हिसडून काढला. तो सोडत नव्हता, मी हिसडला. फरशी परत बसवली, वर बॅगा ठेवल्या. मी किंचाळत होतो, लीलाताई वर आल्या, काही सांगता आलं नाही.

तो आला होता. हात धरला होता. मी ओढून काढायचं सोडून—

१६ फेब्रुवारी, रविवार, सकाळी

पहाटे फरशी पुन्हा काढली. खाली नुसता स्लॅब. घट्ट. ठोकलं, कुणी ठोकलं नाही.

पण यादीत आहे. लायब्ररीत उणे सहा. वीस सेंटिमीटरच्या आत. मी सगळ्या बारा थाळ्यांची यादी पाहिली, सगळ्यांवर उणे सहा. म्हणजे तो सगळीकडेच जवळ आहे. सगळ्या फरश्यांच्या खाली ती एकच जागा असेल तर? तीच एक, आणि तो त्यातून सरकत सरकत फिरतोय, जिथे कुणी ऐकेल तिथे खरवडतोय. आठ दिवस. आणि ज्यानं ऐकलं त्यानं कॉट टाकली.

उद्या उद्घाटन. आज संध्याकाळी मिस्त्री तोंड कायमचं बंद करणार आहे. म्हणून मी आत्ताच आत जाणार. या वेळी सगळं नियमानं. कमरेला दोर, दुसरं टोक मानसिंगरावांच्या हातात. त्यांनी देवाची शपथ घेतली आहे की जागचे हलणार नाहीत. मिस्त्रीला तोवर घरी पाठवलं. कानात काही नाही. माझ्याबद्दल कुणी विचारलं तर कुठला शब्द वापरायचा तेही मानसिंगरावांना सांगितलं. अंदर आहे म्हणा. फक्त अंदर.

विनितावहिनींना मेसेज केला, जातोय.

दुपारी. आत

बॅटरीच्या उजेडात लिहितोय. लिहिलं की डोकं ताळ्यावर राहतं.

पडद्याच्या टोकापासून दाराची भिंत साठ फूट. मी मोजत आलो. शंभर फूट झाले, भिंत नाही. दोर संपायला हवा होता, संपला नाही. राघव, अशी हाक मारली. आवाज परत येत नाही, नुसता जातो.

नंतर

दोर ओढून पाहिला. सैल आहे. ओढत राहिलो. सगळा माझ्याकडे आला. टोकाला मानसिंगरावांनी मनगटावर घेतलेला फास तसाच, बांधलेला. तुटलेला नाही. नुसता— त्यात हात नाही.

मागे उजेड दिसत होता तोंडाचा. आता नाही.

देवा, दत्तात्रेया, चूक माझी होती. त्याची नाही. त्याला घरी जाऊ दे, वहिनी वाट बघताहेत. हवं तर मला ठेव. मनापासून म्हणतो आहे. हवं तर मला—

नंतर

फोनला वायफाय आहे. सिग्नल पूर्ण. राघवला फोन लावला, लागत नाही, नंबर बंद. पहिल्यांदाच बंद.

यादी उघडली. राघव नाही यादीत.

मी आहे. उणे अडुसष्ट.

नंतर

विनितावहिनींचा मेसेज. भाऊजी, हे आले. दारात उभे होते. अंगभर सिमेंट, बोटं फुटलेली, पण आले. जिवंत आहेत. पाणी प्यायले. तुम्हीच आणलंत.

आला. राघव आला. मी रडतोय आणि हसतोय, इथे बसताही येत नाही सरळ. आला तो! आता काही झालं तरी—

त्यांना लिहिलं, वहिनी, त्याला विचारा बाहेर कुठून आला. वाट कुठे आहे. लवकर विचारा.

नंतर

बॅटरी पिवळी पडली आहे. वर पावलं वाजतात. मी ठोकतो. थांबतात, मग पुढे जातात. एकदा वर काहीतरी जड ओढल्याचा आवाज आला. कपाट असेल. नाहीतर कॉट.

इतका राग आला. मग आठवलं.

नखं दुखताहेत.

नंतर

उत्तर आलं. वहिनी लिहितात, ते काही सांगत नाहीत. पाणी पिऊन झाल्याबरोबर उठले, हातोडा घेतला आणि बाहेरच्या खोलीची फरशी फोडून राहिलेत. थांबवलं तर ऐकत नाहीत. रडताहेत आणि फोडताहेत. म्हणतात अभिराम इथेच आहे. कोपऱ्यापासून सुरू केलंय, सगळं घर—

ऐकू येतंय. मला ऐकू येतंय! घाव. एक. थांबून दुसरा. वर, डावीकडे, लांब आहे पण

राघव, इकडे. उजवीकडे ये, अजून, मी ठोकतोय बघ, अजून थोडं उजवी